कुत्र्या-मांजरांचे डोळे येतात तेव्हा: मलम कोणतं, कधी आणि कसं घालायचं

कुत्र्याचा किंवा मांजराचा डोळा लाल झाला, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटल्या, की घरात आधी शोध सुरू होतो तो फ्रिजच्या दारातल्या जुन्या ट्यूबचा. आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली, नाहीतर मागच्या वर्षी मुलांचे डोळे आले तेव्हा आणलेली. ती ट्यूब घालू नका. ऑपरेशननंतरच्या औषधांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. जनावराच्या डोळ्यावर साधा ओरखडा जरी असला, तरी स्टेरॉइड तो भरू देत नाही. जखम खोल जाते, आत जंतू माजतात आणि शेवटी डोळा फुटतो. लाली मात्र पहिल्या दोन दिवसांत कमी झालेली दिसते, त्यामुळे गुण आला असं वाटतं. फसगत होते ती इथेच.

मलम घालण्याआधी कळायला हवं ते एवढंच: कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर, जखम आहे की नाही. नुसत्या नजरेने किंवा मोबाइलच्या टॉर्चने ते खात्रीने कळत नाही. त्यासाठी फ्लुओरेसीन नावाच्या रंगाची चाचणी करतात. डॉक्टर नारिंगी टोकाची कागदी पट्टी सलाईनने ओली करून पापणीच्या आत टेकवतात, जास्तीचा रंग धुऊन काढतात आणि निळ्या उजेडात डोळा बघतात. कॉर्नियाची वरची साल जिथे निघालेली असते तिथे हिरवागार डाग चमकतो. काही मिनिटांचं काम आहे. नंतर नाकपुडीतून हिरवट पाणी आलं तर घाबरू नका, अश्रूंची नळी मोकळी असल्याची ती खूण आहे. जखम फार खोल गेली असेल, तर मात्र मधला भाग रंगच धरत नाही, फक्त कड हिरवी दिसते. असा डोळा फुटायच्या बेतात असतो, तिथे घरचे उपाय संपले.

डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी ही चाचणी न करता मलम लिहून दिलं, तर मोकळेपणाने विचारा, ‘डॉक्टर, रंग घालून बघायचं का?’ यात अपमान कुणाचाच नाही.

आधी डोळा नीट बघा

खोलीत अंधार करा, टॉर्च बाजूने मारा, दोन्ही डोळ्यांची तुलना करा. पुढच्या गोष्टी कागदावर लिहून डॉक्टरांना सांगितल्या तर त्यांचं निम्मं काम होतं: एक डोळा की दोन्ही, कधीपासून, स्राव पाण्यासारखा की घट्ट, डोळा उघडा ठेवतो की मिटून घेतो, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, आणि याआधी घरी काय घातलं. शेवटचं लपवू नका.

दोन्ही डोळे लाल, पापणीच्या आतला भाग सुजलेला, थोडी चिपडं, पण डोळे टक्क उघडे आणि बुबुळ स्वच्छ: हे बहुधा साधे डोळे आलेले. एकच डोळा घट्ट मिटलेला, पंजाने चोळतोय, उजेड नको म्हणतोय: हे दुखणं कॉर्नियाचं किंवा डोळ्याच्या आतलं. घट्ट, चिकट, दोरीसारखा स्राव आणि निस्तेज, चमक गेलेलं बुबुळ दिसलं, तर डोळा कोरडा पडलाय. तिथे अँटिबायोटिकने चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच.

खालीलपैकी काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका, रात्र असली तरी डॉक्टर गाठा. बुबुळ निळसर किंवा दुधी झालं. बुबुळावर खड्डा किंवा जेलीसारखा लिबलिबीत भाग दिसतोय. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, उजेड मारला तरी आकसत नाही आणि डोळा टणक लागतोय: ही काचबिंदूची लक्षणं, यात एक-दोन दिवसांत दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळ्याच्या आत रक्त दिसतंय. आणि भांडणात किंवा मानेला हिसका बसून डोळा खोबणीबाहेर आलाय. पग आणि शिह त्झूंत हे होतं. अशा वेळी डोळा आत ढकलू नका. सलाईनने भिजवलेलं गॉज त्यावर ठेवा, ते सुकू देऊ नका आणि निघा.

सोलापूरच्या हवेतली कारणं

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी आणि वाऱ्याबरोबर धूळ. डोळ्यावरचा अश्रूंचा थर लवकर सुकतो, शिरलेली धूळ धुऊन जायला पाणीच पुरत नाही. कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपणाऱ्या पगला किंवा पर्शियन मांजराला हा त्रास सगळ्यांत आधी होतो. त्यांचे डोळे पुढे आलेले असतात, झोपेत पापणी पुरती मिटत नाही, मधला पट्टा उघडा राहून सुकतो. कूलरची दिशा बदलणं हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

पाऊस सरला की कुसळ. नान्नजकडचा माळ असो की शेताचा बांध, गवत वाळलं की कुसळं मोकळी होतात आणि त्यातून धावणाऱ्या कारवानी किंवा गावठी कुत्र्याच्या डोळ्यात जातात. कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्यामागे उलट्या दिशेचे ताठ, आखूड केस. एकदा पापणीखाली शिरलं की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बहुतेक वेळा ते जाऊन बसतं तिसऱ्या पापणीच्या मागे. नाकाकडच्या कोपऱ्यातून वर येणारा जो फिकट गुलाबी पडदा दिसतो, ती तिसरी पापणी. वरून काहीच दिसत नाही, पण पापणी मिटेल तितक्या वेळा कुसळ कॉर्नियाला घासत राहतं. माळावरून आल्यावर अचानक एकच डोळा मिटला, पाणी सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी पिवळा पू आला, तर कुसळच समजा. यावर मलम घालत बसलात तर पू कमी होतो, मलम थांबलं की परत येतो. डॉक्टर बधिर करणारा थेंब घालून तिसरी पापणी चिमट्याने उचलतात आणि कुसळ ओढून काढतात. घरी चिमटा, काडी, रुमालाचं टोक काहीही डोळ्यात घालू नका. कुसळ तुटलं तर उरलेला तुकडा शोधणं फार अवघड होतं. ज्वारीच्या काढणीत कडब्याच्या भुसकटानेही असेच डोळे बिघडतात.

चुन्याचं वेगळं सांगायला हवं. तंबाखूच्या चुन्याची पुडी पिल्लू चावतं, बांधकामावरच्या सिमेंटमध्ये मांजर लोळतं, रंगपंचमीला तोंडावर कोरडा रंग उडतो. चुना आणि सिमेंट डोळा जाळतात आणि आत आत उतरत राहतात. इथे पहिलं औषध पाणी. जागच्या जागी, नळाचं स्वच्छ पाणी चालेल, संथ धारेने वीस ते तीस मिनिटं डोळा धुवा. पापणीखाली कण अडकलेले असतात, म्हणून पापणी उचलून धुवा. त्याआधी मलम मुळीच घालू नका, मलमाच्या तेलकट थरात चुन्याचे कण तिथेच अडकून बसतात. धुऊन झालं की तसेच डॉक्टरांकडे.

गोचीड हेही डोळ्याचं कारण असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गोचीड तापात डोळ्याच्या आतच सूज येते, बाहुली बारीक होते, बुबुळ धुरकट दिसतं, कधी आत रक्त उतरतं. कुत्रा सुस्त, जेवण कमी, हिरड्या फिक्या आणि डोळा धुरकट, असं एकत्र दिसलं तर रक्ततपासणी लागते. औषध पोटातून द्यावं लागतं, बहुधा डॉक्सिसायक्लिन, तेही साधारण २८ दिवस. डोळ्यातल्या मलमाचा इथे फक्त आधार.

लस न झालेल्या पिल्लाच्या दोन्ही डोळ्यांत पू, नाक वाहतंय, ताप, खोकला, जुलाब असेल तर डिस्टेंपर असू शकतो. त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवून लगेच दाखवा. आणि जन्मलेल्या पिल्लांचे डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात. त्याआधीच मिटलेल्या पापणीखाली फुगवटा दिसला, तर आत पू साठलाय. कोमट ओल्या कापडाने शेक द्या, पण पापण्या बोटांनी फाडून उघडू नका, ते डॉक्टरांना करू द्या.

ट्यूबवर काय लिहिलंय

दुकानात ‘डोळ्याचं मलम द्या’ म्हटलं की समोर येईल ते घेऊ नका. नाव कुठलंही असो, खाली बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते वाचा.

साधं अँटिबायोटिक मलम म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉल १ टक्का, टोब्रामायसिन ०.३ टक्के, सिप्रोफ्लॉक्सासिन ०.३ टक्के किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के. जंतूंमुळे आलेल्या साध्या डोळ्यांना पहिली दोन बहुतेक वेळा पुरतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन कॉर्नियाच्या जखमेत जंतू शिरले तर हाताशी असावं म्हणून राखून ठेवणं शहाणपणाचं. क्लोरॅम्फेनिकॉल हाताला लागू देऊ नका, हातमोजे घाला किंवा लगेच साबणाने हात धुवा. फार क्वचित, पण काही माणसांत ते रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर परिणाम करतं. शेतावरच्या घरांसाठी आणखी एक: कुत्र्यासाठी आणलेली क्लोरॅम्फेनिकॉलची ट्यूब गोठ्यातल्या गाईला किंवा शेळीला लावू नका. दूध-मांस देणाऱ्या जनावरांना हे औषध द्यायला मनाई आहे.

नियोमायसिन, पॉलिमिक्सिन आणि बॅसिट्रॅसिन असं तिघांचं मिश्रणही मिळतं. कुत्र्यांना ते चालतं. मांजरांत मात्र क्वचित, पण जिवावर बेतणारी रिॲक्शन आलेली आहे. मलम घातल्यापासून काही मिनिटांत ते काही तासांत श्वास लागणं, उलट्या, तोंड सुजणं, कोसळणं. मांजरासाठी दुसरा पर्याय असेल तर डॉक्टरांना तोच मागा.

आता टाळायची नावं. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट ही सगळी स्टेरॉइडं. अँटिबायोटिकच्या नावामागे ‘डी’, ‘डीएक्स’, ‘डेक्सा’ किंवा ‘पी’ लावलेलं दिसलं की थांबा आणि घटक वाचा, एकाच नावाच्या साध्या आणि स्टेरॉइडवाल्या ट्यूबा शेजारी शेजारी असतात. स्टेरॉइड हे काही विष नाही. ॲलर्जीत, डोळ्याच्या आतल्या सुजेत तेच डोळा वाचवतं. पण रंगाच्या चाचणीत कॉर्निया साफ निघाल्यावर, डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस. मांजराच्या बाबतीत दुप्पट सावध राहा, कारण मांजरांचे डोळे बहुतेक वेळा हर्पिसच्या विषाणूने येतात आणि स्टेरॉइडने तो विषाणू चेकाळतो. केटोरोलॅक, फ्लर्बिप्रोफेन या सूज कमी करणाऱ्या थेंबांनीही जखम भरायला उशीर होतो.

त्वचेला लावायचं मलम डोळ्यात जाऊ देऊ नका, जरी त्यावर तेच अँटिबायोटिकचं नाव असलं तरी. औषध ज्यात कालवलेलं असतं तो बेस वेगळा असतो, निर्जंतुक नसतो आणि डोळा भाजल्यासारखा होतो. ट्यूबवर डोळ्यांसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं.

मांजराच्या हर्पिसला ॲसायक्लोव्हिर ३ टक्के मलम देतात, पण ते दिवसातून पाच वेळा घालावं लागतं. दोन वेळा घालून उपयोग होत नाही. तेवढं जमणार नसेल तर तसं सांगा, डॉक्टर फॅमसायक्लोव्हिरच्या गोळ्यांचा विचार करतील. माणसांसाठीच्या व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या मात्र मांजराला घातक आहेत. क्लॅमिडिया या जंतूचे डोळे आले तर मांजराला डॉक्सिसायक्लिन पोटातून तीन-चार आठवडे द्यावं लागतं, नुसत्या मलमाने तो जंतू जात नाही. ही गोळी मांजराला कोरडी गिळवू नका. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. गोळीनंतर पिचकारीने ५-६ मिली पाणी द्या किंवा थोडं ओलं खाणं घाला.

कोरड्या डोळ्याची तपासणीही सोपी आहे. पापणीत आखलेली कागदी पट्टी एक मिनिट ठेवतात. कुत्र्यात १५ मिमी किंवा जास्त ओली झाली तर ठीक, १० च्या खाली गेली तर डोळा कोरडा. त्याचं औषध म्हणजे टॅक्रोलिमस ०.०३ टक्के मलम किंवा सायक्लोस्पोरिन, दिवसातून दोनदा. गुण यायला तीन ते सहा आठवडे लागतात आणि बहुतेक कुत्र्यांना ते जन्मभर चालू ठेवावं लागतं. इथे बरेच जण ट्यूब संपली, डोळा छान दिसतोय म्हणून थांबतात. दोन महिन्यांनी बुबुळ काळपट, जाडसर होऊन येतं, आणि तो काळेपणा मागे हटत नाही.

ॲट्रोपिन मलम दिलं असेल तर बाहुली कित्येक दिवस मोठी राहते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्या काळात दुपारच्या उन्हात नेऊ नका, डोळा दिपतो. हे औषध कडू असतं, नळीतून घशात उतरलं की मांजर फेस गाळतं. काचबिंदूत आणि कोरड्या डोळ्यात ते घालत नाहीत, म्हणून स्वतःहून कधीच नको.

डोळा साफ करणं

चिपडांवर मलम घालणं म्हणजे औषध वाया घालवणं. ते पूवर बसतं, डोळ्यापर्यंत पोहोचत नाही.

औषध दुकानात ०.९ टक्के नॉर्मल सलाईनची १०० मिलीची बाटली मिळते. निर्जंतुक सुईने टोचून धार सोडता येते. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दिवसभरात संपवा, उरलेली फेका. ते नसेल तर उकळून, झाकून, निववलेलं पाणी. कापूस नको, त्याचे तंतू बुबुळाला चिकटतात. गॉजचा तुकडा किंवा मऊ, धुतलेलं सुती कापड घ्या. कोमट सलाईनमध्ये भिजवून मिटलेल्या पापणीवर दोन-तीन मिनिटं धरा, वाळलेली चिपडं आपोआप सैल होतील. मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा आणि तो तुकडा टाकून द्या. खरवडू नका. प्रत्येक डोळ्याला नवा तुकडा, आणि आधी चांगला डोळा, मग बिघडलेला.

गुलाबपाणी, मध, दूध, हळद, तुरटीचं पाणी, एरंडेल, काजळ, यांतलं काहीही नको. ज्यांनी हे सांगितलं त्यांची माया खरी असते, पण यांतलं काहीच निर्जंतुक नसतं आणि जखम असेल तर आग होते ती वेगळीच. जखमा धुवायची जंतुनाशकं डोळ्याच्या आसपासही वापरू नका. त्यातल्या क्लोरहेक्झिडीनने कॉर्निया जळतो.

मलम घालायची पद्धत

हात धुवा. ट्यूब दोन मिनिटं मुठीत धरा, फ्रिजमधलं मलम घट्ट असतं आणि जास्त दाबावं लागलं की भसकन बाहेर येतं. टोपण काढून पहिला किंचित भाग गॉजवर टाकून द्या.

कुत्र्याला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून बसवा, म्हणजे मागे सरकता येत नाही. लहान कुत्रा टेबलावर चालेल, पण खाली सतरंजी घाला, गुळगुळीत फरशीवर पाय घसरला की तो बिथरतो. तुम्ही त्याच्या बाजूला किंवा मागे बसा. समोरून ट्यूब घेऊन आलात तर तो डोकं झटकणारच. डाव्या हाताने हनुवटी धरून नाक थोडं वर करा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने खालची पापणी हलकेच खाली ओढा. डोळा आणि पापणी यांच्यामध्ये एक खळगा तयार होतो, मलम तिथे जायचं.

ट्यूब धरलेल्या उजव्या हाताची करंगळी आणि तळवा कुत्र्याच्या कपाळावर टेकवा. संपूर्ण कृतीत सगळ्यांत महत्त्वाचं हेच. हात डोक्यावर टेकलेला असला की डोकं हललं तरी हातही त्याच्याबरोबर हलतो आणि ट्यूबचं टोक डोळ्यात घुसत नाही. हवेत धरलेल्या हाताने घातलेल्या मलमाने जखमा झालेल्या आहेत. टोक डोळ्याला समांतर ठेवा, बुबुळाकडे रोखू नका. खळग्यात तांदळाच्या दाण्याएवढी रेघ सोडा, म्हणजे पाचेक मिलिमीटर. मोठ्या कुत्र्याला एक सेंटिमीटरपर्यंत. जास्त घातलं म्हणून जास्त गुण येत नाही, उरलेलं गालावर ओघळतं आणि जनावर ते पुसायला तोंड सतरंजीवर घासतं.

टोक डोळ्याला, पापणीला, केसांना लागता कामा नये. लागलंच तर गॉजने पुसा आणि पुढची रेघ टाकून द्या. मग पापणी सोडा, वरून मिटवून पाच-दहा सेकंद अगदी हलकेच धरा. अंगाच्या उबेने मलम वितळून पसरतं. लगेच त्याच्या आवडीचं काहीतरी द्या आणि दोन-तीन मिनिटं लक्ष गुंतवून ठेवा. हा खाऊ चुकवू नका. दिवसातून तीन वेळा, सात दिवस हे करायचं आहे. तिसऱ्या दिवशी कुत्रा ट्यूब बघून पलंगाखाली जातो की शेपटी हलवत येतो, हे पहिल्या दिवशीच्या खाऊवर ठरतं. मलमानंतर काही मिनिटं धूसर दिसतं, त्या वेळात जिन्यावर किंवा गच्चीवर मोकळं सोडू नका.

मांजराला एकट्याने मलम घालायचं तर सोलापुरी टॉवेलसारखं उत्तम साधन नाही. जाड, खरखरीत आणि नखं आरपार जात नाहीत. टॉवेल आडवा पसरा, मांजर मधोमध बसवा, आधी एक बाजू पोटाखालून घट्ट घ्या, मग दुसरी वरून. फक्त डोकं बाहेर. मानेभोवती दोन बोटं जातील एवढी ढील ठेवा. मांडीवर, तिची पाठ तुमच्या पोटाकडे करून धरा. मानेची कातडी आवळून धरणं टाळा, आणि चपट्या तोंडाच्या मांजराला किंवा पगला तर मुळीच नको, डोळ्यांवर दाब येतो. ट्यूब बघून मांजर फारच बिथरत असेल, तर धुतलेल्या किंवा हातमोजा घातलेल्या बोटाच्या टोकावर मलमाची रेघ घेऊन ती खालच्या पापणीच्या कडेला पुसा. मिचकावलं की आत जातं. नखं आधी कापलेली हवीत, तुमचीही.

थेंब आणि मलम दोन्ही असतील तर आधी थेंब, पाच ते दहा मिनिटांनी मलम. उलटं केलं तर मलमाच्या थराखाली थेंब शिरत नाहीत. दोन प्रकारचे थेंब असले तरी मध्ये तेवढंच अंतर ठेवा.

दिवसातून तीनदा म्हणजे साधारण आठ तासांनी. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. सकाळी-दुपारी-संध्याकाळी घालून रात्रभर चौदा तास कोरडं ठेवलं तर तेवढ्यात जंतू पुन्हा वाढतात. दुपारी घरी कुणी नसेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. दोन वेळा चालेल असं औषध निवडता येतं का हे त्यांना बघता येईल.

गळ्यातली कॉलर

डोळा चोळता येऊ नये म्हणून गळ्यात घालतात ती भोंग्याच्या आकाराची कॉलर मलमाइतकीच गरजेची, आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी. डोळा चोळताना पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख बुबुळाला लागतं, आणि सकाळी साधे आलेले डोळे रात्री कॉर्नियाची जखम होऊन बसतात. कॉलर नाकाच्या टोकापुढे दोन-तीन सेंटिमीटर यायला हवी, आखूड असेल तर तिची कडच डोळ्याला घासते. जेवताना तुम्ही समोर बसून काढा, जेवण झालं की परत घाला. कॉलर घातल्यावर पहिले काही तास कुत्रा भिंतींना धडकतो, रुसून बसतो. काढायची दया येते, पण काढू नका.

गुण येतोय की नाही

साध्या आलेल्या डोळ्यांत ४८ तासांत फरक दिसतो: चिपडं कमी, डोळा जास्त उघडा. ७२ तासांत काहीच फरक नसेल तर औषध बदलून बघू नका, परत दाखवा. बहुधा कारणच दुसरं असतं: आत वळलेली पापणी, बुबुळाला टोचणारे पापणीचे केस, कुसळ, कोरडा डोळा. बरा दिसायला लागल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा, साधारण सात. कॉर्नियाची वरवरची जखम तीन ते सात दिवसांत भरते. भरली की नाही हे पुन्हा रंग घालूनच बघायचं. आठवड्यानंतरही डाग धरत असेल, तर वयस्क कुत्र्यांत आणि बॉक्सरमध्ये दिसणारा न भरणारा व्रण असू शकतो. त्याची सुटी झालेली साल डॉक्टरांना खरवडून काढावी लागते.

पहिले दोन-तीन दिवस बरं वाटून नंतर अचानक पापण्या लालभडक, खाजऱ्या झाल्या, तर औषधाचीच ॲलर्जी असू शकते. नियोमायसिनने असं होतं. मलम थांबवा आणि फोन करा. आणि डोळा फुटला असेल किंवा खोल जखम असेल, तर मलम अजिबात नको, तिथे फक्त थेंब. मलमाचं तेल डोळ्याच्या आत गेलं तर तिथे भयंकर दाह होतो.

दुखतंय म्हणून घरातली गोळी देण्याचा मोह आवरा. पॅरासिटामॉलने मांजर मरतं, अर्ध्या गोळीनेसुद्धा. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या आतड्यात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात.

नाकाकडच्या कोपऱ्यात लाल गोळा वर आला असेल, तर ती तिसऱ्या पापणीची ग्रंथी बाहेर पडलेली असते. मलमाने ती आत जात नाही. शस्त्रक्रिया करून ती परत बसवतात. ‘कापून टाकू’ असं कुणी म्हटलं तर दुसरा सल्ला घ्या, कारण अश्रूंचा मोठा वाटा त्याच ग्रंथीतून येतो आणि ती गेली की डोळा कोरडा पडतो. अशा कामांसाठी शिरवळच्या आणि मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत, तसंच पुण्यात, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची सोय विचारता येईल. तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणि आधीच्या औषधांची यादी घेऊन जा.

ट्यूब कशी ठेवायची

सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं मलम वितळतं, तेल वर येतं आणि औषध सगळीकडे सारखं राहत नाही. टोपण काढल्यावर नुसतं तेल गळालं तर ती ट्यूब टाकून द्या. वेष्टनावर लिहिलेलं तापमान पाळा, घर तापत असेल तर फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. उघडल्याची तारीख पेनाने ट्यूबवर लिहा आणि २८ दिवसांनी फेका, अर्धी उरली तरी. एक ट्यूब एकाच जनावराची, एका घरात दोन मांजरं असली तरी. प्रत्येक वेळी घालण्याआधी आणि नंतर हात धुवा. मांजराचा क्लॅमिडिया क्वचित माणसाच्या डोळ्यातही येतो, तेव्हा लहान मुलांनी त्या दिवसांत मांजराच्या तोंडाला तोंड लावू नये.

गल्लीतल्या कुत्र्याचा डोळा बिघडला तर दिवसातून तीनदा मलम घालणं बहुधा जमत नाही, आणि अर्धवट मलम घालून काही साधत नाही. तोंडाला जाळी असल्याशिवाय त्याच्या डोळ्याजवळ हात नेऊ नका. चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ओळखीचा कुत्रा असेल, रोज खाऊ घालणारं माणूस ठरलेलं असेल, तर त्याला कुणाच्या तरी अंगणात पाच-सात दिवस बांधून ठेवता येतं का बघा. तेही शक्य नसेल तर डॉक्टरांकडून पोटातून द्यायचं औषध घ्या आणि ते पोळीत किंवा भाकरीच्या तुकड्यात घालून त्याच माणसाच्या हातून, ठरल्या वेळी द्या.